कामगार संघटनांचा आज कामगारांना आणि उद्योगाला खरोखर उपयोग होतो का?

दुसरी_पाळी (प्रश्न)

मी सुमारे चारशे माणसे काम करत असलेल्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा, म्हणजे धातू दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाचा, सुपरवायझर आहे. सध्या कामगारांमध्ये युनियन स्थापन करण्याची कुजबुज चालू आहे. माझे मत कोणी विचारले, तर काय सांगावे हे मला कळत नाही, कारण माझे स्वतःचेच दोन अनुभव परस्परांना छेद देणारे आहेत.

पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे संघटनेचे दोन गट होते. नवे यंत्र आले तेव्हा कोणता गट अधिक लढाऊ आणि कोणता मालकधार्जिणा, याच चढाओढीत त्या यंत्राला हात लावायचा नाही असे ठरले आणि ते आठ महिने प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहिले. एकेक ग्राहक दुसरीकडे गेला आणि अडीच वर्षांनी कारखान्याला कुलूप लागले. पुढारी दुसऱ्या कारखान्यांच्या संघटना सांभाळत राहिले, घरी बसलो ते आम्ही.

आताच्या कारखान्यात संघटनाच नाही. आमच्या प्रेसला दोन बटणे आहेत. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे दोन्ही हात आपोआप डायच्या (साच्याच्या) बाहेर राहावेत, अशी ती रचना आहे. रात्रपाळीत मात्र एक बटण लाकडी पाचर आणि चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवले जाते, कारण त्यामुळे नग वाढतात. मी नोंदवहीत तीनदा लिहिले. दरवेळी पाचर निघते आणि दोन दिवसांत परत बसते. गेल्या महिन्यात एका कंत्राटी मुलाच्या दोन बोटांची टोके गेली, आणि चौकशीत प्रत्येकाने सांगितले की पाचर कोणी लावली हे त्याला ठाऊक नाही. जो बोलेल त्याचे नाव ठेकेदाराच्या पुढच्या महिन्याच्या यादीत नसेल, हे सर्वांना माहीत होते.

संघटना आली तर ही पाचर निघेल, की आणखी एक यंत्र आवरणाखाली जाईल? जाणकारांनी अनुभव आणि माहिती यांच्या आधारे लिहावे, ही विनंती.

निवृत्त_सरचिटणीस

मी अठ्ठावीस वर्षे संघटनेचे काम केले आहे, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच मान्य करतो. संघटनेचा उपयोग मोजताना लोक पगारवाढीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात तुमच्या चौकशीपासून व्हायला हवी. चारशे माणसांना ठाऊक असलेली गोष्ट एकानेही सांगितली नाही, कारण सांगणारा एकटा पडला असता.

याच कारणाने झालेली सर्वांत भीषण घटना बांगलादेशातली आहे. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा या इमारतीला तडे गेल्याचे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद झाली, पण वरच्या शिवणकारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावले गेले. त्यांनी ते तडे स्वतः पाहिले होते आणि आत जायला त्यांची तयारी नव्हती. तरीही महिन्याचा पगार अडकेल या भीतीने ते आत गेले. इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्या कारखान्यांत सर्वांच्या वतीने ‘आज आम्ही आत जाणार नाही’ असे म्हणणारी संघटना नव्हती. पुढच्याच महिन्यात जागतिक कामगार महासंघ आणि कपड्यांच्या मोठ्या कंपन्या यांच्यात सुरक्षिततेचा करार झाला. तो कायद्याने बंधनकारक होता, आणि त्याखाली दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. असुरक्षित काम नाकारण्याचा कामगाराचा हक्कही त्यात लिहिलेला होता. त्याआधी कंपन्यांच्या स्वतःच्या आचारसंहिता आणि तपासण्या होत्याच, तरीही इमारत कोसळायची टळली नाही.

उत्पादन_प्रमुख

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माणूस आहे, आणि तरीही वरील प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत आहे. पण मूळ प्रश्नात उद्योगाचा फायदाही विचारला आहे आणि आवरणाखालच्या यंत्राचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. अनागोंदी, अनधिकृत संप आणि गैरहजेरी यांसाठी तो बदनाम होता आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश तेच घेतले गेले आणि संघटनाही तीच राहिली. बदलली ती कामाची पद्धत: दोष दिसला की कोणत्याही कामगाराने दोरी ओढून मदत मागवावी आणि गरज पडल्यास उत्पादनाची रांग थांबवावी, त्याबद्दल त्याला कोणी रागावणार नाही. शिवाय मंदी आली तर कामगार कपातीआधी बाकीचे सर्व मार्ग वापरले जातील, असे करारात लिहून दिले गेले. काही वर्षांतच त्या कारखान्याची गुणवत्ता टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या तोडीची झाली. कामगार आळशी आणि संघटना आडमुठी म्हणून कारखाना बुडाला, हे आम्हा व्यवस्थापकांचे आवडते स्पष्टीकरण आहे. ते या उदाहरणापुढे टिकत नाही.

मात्र उलट बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमधील खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप वर्षभर चालला. माणसांनी त्यात सर्वस्व पणाला लावले, परंतु नेतृत्वाने संपासाठी देशव्यापी गुप्त मतदान घेतलेच नाही. त्यामुळे नॉटिंगहॅमशायरचे बहुसंख्य खाणकामगार कामावर जात राहिले, संघटना फुटली, आणि सरकारने कोळशाचे साठे आधीच करून ठेवले असल्यामुळे पराभव अटळ झाला. मतदान झाले असते तर निकाल काय लागला असता याबद्दल आजही वाद आहे, पण ते न घेतल्याने कामगारच कामगाराच्या विरोधात उभा राहिला, याबद्दल वाद नाही. तुमच्या जुन्या कारखान्यात यंत्र बंद ठेवण्याचा निर्णय मतदानाने झाला होता का, हे मला जाणून घ्यायला आवडेल. मला तसे वाटत नाही.

फिरता_कामगार

मी ॲपवरून मिळणाऱ्या ऑर्डरी पोहोचवतो, त्यामुळे वर चाललेली कारखान्यांची चर्चा मला थोडी दूरची वाटली. आमचा मुकादम म्हणजे एक अल्गोरिदम आहे. त्याने ‘आयडी’ बंद केला, तर कोणाला भेटायचे हेही कळत नाही. संघटनांची सभासदसंख्या बहुतेक विकसित देशांत घटत गेली आहे, आणि माझ्या मते त्याचे एक मोठे कारण म्हणजे जुन्या संघटनांनी कायम कामगारांपलीकडे फारसे पाहिले नाही. कायम कामगाराला चांगला करार आणि त्याच्या शेजारी तेच काम करणाऱ्या कंत्राटी मुलाला काहीच नाही, अशा संघटनेला आम्ही आपली का म्हणावे?

तरीही आशा वाटण्यासारख्या गोष्टी घडल्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहेत असा निकाल दिला, आणि किमान वेतन व पगारी रजा त्यांना लागू झाल्या. हा लढा संघटित चालकांनी अनेक वर्षे रेटला होता. एकेकट्या चालकाला त्याचा खर्चही झेपला नसता. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर करारात अटी घालून घेतल्या. म्हणून दुसरी_पाळी यांना एवढेच विचारतो: ज्या मुलाची बोटे गेली, तो तुमच्या संघटनेचा सभासद होऊ शकणार आहे का?

दुसरी_पाळी

या शेवटच्या प्रश्नाने मी अडलो. कालच्या बैठकीत फॉर्म फक्त कायम कामगारांना वाटले गेले होते, आणि त्यात मला तेव्हा काही वावगेही वाटले नव्हते. उत्पादन_प्रमुख यांच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, मतदान झाले नव्हते. गेटवर सभा झाली, हात वर करायला सांगितले, आणि ज्यांनी हात वर केला नाही त्यांची नावे लिहून घेतली गेली. मीही तेव्हा हात वर केला होता.

सुपरवायझर म्हणून मला सभासद होता येईल की नाही, हे वेगळे तपासून घेईन. पण मागणीपत्राचा मसुदा करणाऱ्या मुलांनी मला मदत मागितली आहे. त्यात आधी काय लिहावे?

निवृत्त_सरचिटणीस

पहिल्या पानावर पगार लिहू नका. पहिली मागणी अशी असू द्या, की दोन बटणांपैकी एक जरी अडकलेले आढळले तर कोणत्याही कामगाराला, तो कायम असो वा कंत्राटी, प्रेस थांबवता येईल, आणि त्या पाळीचे कमी पडलेले नग त्याच्या नावावर धरले जाणार नाहीत. नगांचे उद्दिष्ट तेवढेच ठेवून पाचर काढायला सांगितली तर ती पुन्हा बसेल, म्हणून रात्रपाळीचे उद्दिष्ट पुन्हा ठरवण्याची मागणीही त्याच कलमात जोडा. दुसरी मागणी, सुरक्षा समितीवर कामगारांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि त्यांतला एक तरी कंत्राटी असावा. या दोन्हींना व्यवस्थापन सहजासहजी नाही म्हणू शकणार नाही, आणि दिलेला शब्द ते कसे पाळते हेही तुम्हाला लवकर कळेल. पगार तिसऱ्या कलमात घ्या. आणि मसुदा पाठवण्याआधी त्या मुलाच्या घरी जाऊन तो त्याला वाचून दाखवा. उपचाराचा खर्च कोणी केला, हेही त्याला विचारा. बहुधा चौथे कलम तिथे मिळेल.