अनुभव धागा: परदेशात निवांत सायकल सहल, देश कसा निवडावा?

गोदाकाठचा
माळा आवरताना जुनी पॅनिअर (सायकलच्या कॅरिअरची पिशवी) खाली आली, खिशात डॅन्यूब नदीचा मळलेला नकाशा. म्हणून हा धागा. आपल्या नाशिकने रॅमला (अमेरिका आरपार सायकल शर्यत) २०१५ मध्ये महाजन बंधू दिले, २०१७ मध्ये एकट्याने उतरलेले गोकुलनाथ. त्या पंथाच्या लोकांनी इथे फक्त टाळ्या वाजवाव्यात. हा धागा दिवसाला ४० किमी आणि जेवणावर डुलकी काढणाऱ्यांचा आहे.

माझं म्हणणं एवढंच: फोटो बघून देश ठरवू नका, सुट्टीचा महिना बघून ठरवा. मग दुसरा प्रश्न, पाय बोलायला लागले तर वाटेत ट्रेन किंवा बोट आहे का?

सुरुवात करतो. डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना, सुमारे ३२० किमी, सात-आठ दिवस. पासाऊ ३०० मीटर उंचीवर, व्हिएन्ना १६० च्या आसपास, त्यामुळे उतार जाणवत नाही पण चढही छळत नाही. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. उलट दिशेने जाल तर तोच वारा रोज छातीवर घ्याल. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा पट्टा पस्तीसेक किमीचाच, पण त्याला दोन दिवस द्या. रस्ता दोन्ही काठांनी आहे, मधल्या होड्या सायकल घेतात.

मिसळवाला_४२२
वाखाउ म्हणजे द्राक्षमळेच ना? त्यासाठी व्हिसा कशाला काढायचा, गंगापूर धरणावर या 😄

गोदाकाठचा
या की. फक्त मागून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की डुलकी मोडते.

कॉलेजरोडची_सीमा
व्हिसावरून आठवलं. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा असतो. पासाऊ जर्मनीत, उतरणार म्युनिकला (तिथून ट्रेनने सव्वादोन तास), पण मुक्काम जास्त ऑस्ट्रियात. अर्ज जिथे रात्री जास्त त्या देशाकडे, म्हणजे ऑस्ट्रियाकडे. रात्री समसमान असतील तरच पहिला देश. इथेच लोक चुकतात. अर्ज सहा महिने आधीपासून चालतो, किमान १५ दिवस आधी हवाच. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. फी ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. कुकर झाला, येते

चेनतेल
महिन्याचं बरोबर आहे. मी असं लावतो:
मे ची सुट्टी = डॅन्यूब, हॉलंड, बोडनसे (जर्मनीच्या दक्षिण सीमेवरचं तळं). सकाळी गारठा असतो, पावसाचं जाकीट लागतं.
दिवाळी = जपान. युरोपात तेव्हा अंधार लवकर पडतो. व्हिएतनामचं होई आन तर अजिबात नको, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथे पुराचे दिवस.
नाताळ = व्हिएतनाममधला मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश किंवा श्रीलंकेचा नैऋत्य किनारा.
जपानला एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळा. त्यांच्या सुट्ट्या असतात, खोल्या मिळत नाहीत.

पांडवलेणी_रिटर्न्स
हॉलंड सपाट म्हणून सगळे हुरळतात. चढ नाही, पण वारा आहे, आणि वाऱ्याला पलीकडचा उतार नसतो. तो बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणून मार्ग नैऋत्येकडून ईशान्येकडे आखा.
वाट शोधायची भानगड नाही. प्रत्येक जंक्शनला आकडा असतो, दिवसाचे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे. ट्रेनमध्ये सायकल सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० चालत नाही (शनिवार-रविवार चालते, जुलै-ऑगस्टमध्येही). घडीची असेल तर कधीही, फुकट.
भाड्याची डच सायकल उलटं पेडल मारलं की थांबते. सवय नसेल तर सिग्नलला पेडल वर घेताना घात होतो. बुटक्यांनी फ्रेमचा आकार आधी कळवा, तिथली माणसं ताडमाड.

मिसळवाला_४२२
बुटके म्हणजे कोण 🤨

चेनतेल
ब्रेकचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, युरोपात बहुतेक डाव्या. घाबरून डावा ओढलात, मागचा समजून, तर सरळ हँडलवरून पुढे. ताब्यात घेतल्यावर दुकानदाराला अदलाबदल करायला सांगा, नाहीतर मैदानात दहा मिनिटं घासा.
जपानला हा त्रास नाही. गाड्याही डावीकडून.

आई_ऑन_व्हील्स
जपानच्या शिमानामी सायकल मार्गाबद्दल विचारायला आले होते. सासूबाई ६१, पोरगा ११. झेपेल का

गोदाकाठचा
ताई, झेपेल. ओनोमिची ते इमाबारी ७० किमी, मध्ये सहा बेटं. रस्त्यावर निळी रेघ आहे, तीच धरून जायचं. पुलावर चढायला वळणावळणाची वेगळी वाट असते, चढ तीन टक्क्यांच्या आसपास. एका दिवसाचा हट्ट नको, इकुची किंवा ओमी बेटावर मुक्काम टाका. सार्वजनिक भाड्याची साधी सायकल दुसऱ्या केंद्रावर सोडता येते. सासूबाईंसाठी इलेक्ट्रिक घेणार असाल तर ती कुठे परत करायची हे आधी विचारा. मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी मिळतात. मुक्काम त्या हिशेबाने.

कॉलेजरोडची_सीमा
आणि जेवण? शाकाहारी असाल तर जपानमध्ये नूडल्सचं पाणीसुद्धा माशाचं असतं. तूप-मेतकूट बरोबर ठेवा. व्हिएतनाम त्या मानाने सोपं, ‘चाय’ म्हटलं की शाकाहारी ताट येतं.

मिसळवाला_४२२
म्हणजे चहा मागितला तर जेवण?

कॉलेजरोडची_सीमा
हो आणि चहाला ‘चा’ म्हणायचं, थोडी जीभ वळवून. कोकणातल्या माणसाला जमेल

पांडवलेणी_रिटर्न्स
आपली सायकल न्यायची का भाड्याने, हे पण सांगा कुणीतरी.

चेनतेल
आठवड्यासाठी भाड्याने. आपली न्यायची तर खोका २३ किलोत बसवा, कसाऱ्याचा घाट उतरवून मुंबईला न्या, परतीला तेच. डोक्याला ताप. इलेक्ट्रिक तर विसराच, १६० वॉट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, सायकलची त्याहून कितीतरी मोठी.
न्यायची ती फक्त आपली सीट. बहुतेक सीटच्या दांड्या ७ मिमीच्या, कुठेही बसतात. सीटपोस्टवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) सध्याच्या उंचीला टेपची खूण करा, तळापासून मोजून लिहून ठेवा. पेडल नेणार असाल तर १५ मिमीचा पाना, तो चेक-इन बॅगेत. डावं पेडल उलट्या आट्यांचं, जोर लावून आटे खाऊ नका.
आणि पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नाही. शिवण घासते, तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

आई_ऑन_व्हील्स
😂😂 हे सासूबाईंना कोण सांगणार

गोदाकाठचा
निघण्याआधी महिनाभर त्यांना नव्या सीटवर बसवा. लागोपाठ दोन दिवस, शहरातून त्र्यंबकच्या रस्त्याने अर्ध्यात जाऊन परत. एक दिवस कुणालाही जमतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसता येतं का ते बघायचं.

मिसळवाला_४२२
अर्ध्यात म्हणजे अंजनेरीच्या अलीकडे ना? तिथे भजी मिळतात. रविवारी सहाला कोण येतंय?