फ्रॉन्क्स टर्बो की एक्स्टर १.२? ओव्हरटेकला जास्त दम कुणात?

लातूरचा_कृषीवाला
रामराम मंडळी. लातूरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. कंपन्यांच्या कामानं संभाजीनगरला सारखं जाणं असतं. रस्ता ठरलेला: रेणापूर, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, तिथून बीड-गेवराई. जुनी डिझेल हॅचबॅक आता काढायची आहे. पेट्रोलमधली छोटी, जरा उंच गाडी बघायलोय. मारुती फ्रॉन्क्स १.० टर्बो (इंजिनात हवा दाबून घालणारी) आणि साध्या इंजिनाची ह्युंदाई एक्स्टर १.२, या दोनवर येऊन थांबलोय. दोन्ही मॅन्युअल.

विचारायचंय ते फक्त पिकअपबद्दल. मांजरसुंब्यापासून पुढं फोर-लेन आहे, तिथली काळजी नाही. पण त्याच्या अलीकडं गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या असतात. मागं ना लाल दिवा, ना रेडियम. त्यात एखादी एसटी पुढं लागली की अर्धा अर्धा तास तिच्या मागं. गाडीत आई, बायको, दोन पोरं, डिकी भरलेली, एसी चालू. डिझेलला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की निघून जायची. पेट्रोलमध्ये तसं मिळेल का? शोरूमवाले ० ते ६० चे आकडे सांगायलेत, त्यावरून काहीच कळंना.

बीड_बार्शी_नाका
माझ्याकडं एक्स्टर आहे, मोठ्या भावाकडं फ्रॉन्क्स टर्बो. गावात फिरायला एक्स्टरच हलकी वाटते, क्लच मऊ, चार सिलिंडरचं इंजिन गुपचूप चालतं. एकटा असलो की हायवेलाही तक्रार नाही. फरक कळतो तो पालीच्या घाटात, बीडकडून मांजरसुंब्याला चढताना. पाच माणसं बसली की माझी तिसऱ्यात धापा टाकते, दुसरा टाकावाच लागतो. भाऊ तिसऱ्यातच वर येतो.

परभणी_गॅरेज
दादा, ० ते ६० चा आकडा बाजूला ठेवा. तो उभ्या गाडीचा, पहिल्या-दुसऱ्या गिअरचा हिशोब. तुमचं काम ५०-६० वरून ९० ला जाण्याचं आहे.

कागदावर बघा. ताकद एक्स्टरची ८३ पीएस, फ्रॉन्क्स टर्बोची १०० पीएस. पण खरी गोष्ट टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीत आहे. एक्स्टरचा ११३.८ न्यूटन मीटर मिळतो ४००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेईल तेव्हा. फ्रॉन्क्सचा १४७.६, आणि तो २००० पासून ४५०० पर्यंत सलग. म्हणजे एसटीच्या मागं तिसऱ्यात चालताना फ्रॉन्क्सची ताकद आधीच हाताशी असते. एक्स्टरला तीच जागा गाठायला गिअर पाडून इंजिन ओरडवावं लागतं. इंजिनाला त्यानं काही होत नाही, पण आपल्याकडं गाडी ओरडली की लोक घाबरून पाय काढतात, तेही नेमकं एसटीच्या बरोबरीला आल्यावर. असं अजिबात करू नका.

आता रस्त्यावरचा हिशोब. एसटी ६० नं चाललीय. तिच्या मागचं अंतर, तिची लांबी आणि पुढं घ्यायची जागा मिळून तुम्हाला तिच्यापेक्षा ३५ मीटर जास्त कापायचेत. गाडी दर सेकंदाला ५ किमीनं वेग वाढवत असेल तर सात सेकंद लागतात. ४ किमीनं वाढवत असेल तर जवळजवळ आठ. समोरून ८० नं येणारी गाडी तेवढ्या फरकात साधारण १९ मीटर जवळ येते. आणि वेगवान गाडी घेतली तरी समोर किमान ४०० मीटर रस्ता स्वच्छ दिसायलाच हवा. तेवढा दिसत नसेल तर टर्बो असो नाहीतर काहीही, मागंच थांबायचं. लेकरं आहेत गाडीत.

उसाच्या ट्रॉलीचं वेगळं. ती २० नं चालते, दोन्ही गाड्या दुसऱ्यातच काढाव्या लागतात, तिथं फरक किरकोळ. उलट फ्रॉन्क्स तिसऱ्यात ठेवून पाय दिला तर २००० च्या खाली टर्बो क्षणभर थांबतो आणि मग एकदम ओढतो. तो क्षण रस्त्याच्या मधोमध नको. डिझेलवाल्याला ही सवय असते, तुम्हाला जमेल.

आणखी एक. आपला बालाघाट सहाशे मीटरच्या आसपास उंच, वर मे महिन्यातलं ४२ डिग्री. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाचा दम तेवढा कमी होतो. टर्बो हवा दाबून आत घालतो, त्याला हे कमी जाणवतं. तुमचं वापरणं बघता माझं मत फ्रॉन्क्स.

लातूरचा_कृषीवाला
एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, आभार. घरचे म्हणायलेत सीएनजी घे, नाहीतर ऑटोमॅटिक. त्यात पिकअपचं काय?

परभणी_गॅरेज
सीएनजी या कामाला नको. एक्स्टर सीएनजीवर ६९ पीएसवर येते, टॉर्कही ९५ वर. डिकीतली काही जागा जाते ती वेगळीच. फ्रॉन्क्समध्ये सीएनजी १.२ इंजिनाला आहे, टर्बोला नाहीच.

ऑटोमॅटिकमध्ये दोघींत मोठा फरक. एक्स्टरला एएमटी आहे, म्हणजे क्लच-गिअर तेच, बदलायला मशीन. पूर्ण पाय दाबला की गिअर पाडताना ती क्षणभर रिकामी पडते आणि तेव्हा आपण समोरच्या लेनमध्ये असतो. मॅन्युअल मोडवर घेऊन आधीच गिअर पाडला तर चालतं. फ्रॉन्क्स टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, त्यात ओढ तुटत नाही. पैसे जास्त जातात, पण आई-बायको चालवणार असतील तर बघाच.

बीड_बार्शी_नाका
मायलेजचं पण सांगा की त्यांना.

परभणी_गॅरेज
कंपनीचे आकडे मॅन्युअलला, लिटरला फ्रॉन्क्स टर्बो २१.५ किमी आणि एक्स्टर १९.४. पण टर्बोला सारखा पाय दिला तर ते विसरा.

टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं घेऊ नका. घरचे सगळे बसवा, एसी फुल्ल लावा, शहराबाहेर मोकळा सरळ पट्टा बघा. तिसऱ्या गिअरमध्ये ५० वर धरा आणि ८० पर्यंत पाय दाबून ठेवा. मग तेच दुसऱ्या गाडीत, त्याच पट्ट्यावर, त्याच बाजूनं. मोबाइलचं स्टॉपवॉच मागच्या सीटवर पोराच्या हातात द्या. शोरूमवाला नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा.

लातूरचा_कृषीवाला
रविवारी दोन्ही शोरूमला सांगून ठेवलंय. आईला पण नेतो. आकडे आले की इथंच टाकतो.