‘काम डाउन’ला जर्मनमध्ये नेमके काय म्हणावे?

प्रश्न

मी गेल्या वर्षभरापासून जर्मन शिकत आहे. इंग्रजीत माणसाला शांत करण्यासाठी ‘काम डाउन’, ‘टेक इट ईझी’, ‘कीप युअर हेड’, ‘होल्ड युअर हॉर्सेस’ असे बरेच प्रयोग आहेत, पण माझा छोटा शब्दकोश त्यांतील बहुतेकांपुढे ‘रूअ’ हा शब्द किंवा त्याचेच एखादे रूप देतो. मागच्या आठवड्यात ऑनलाइन संभाषणाच्या सरावात माझी जोडीदार तिची चुकलेली गाडी आणि त्यानंतर झालेला मनस्ताप सांगताना फार चिडली, तेव्हा तिला धीर द्यावा म्हणून मी सौम्य आवाजात ‘बिटे रूअ’ म्हणालो. ती वाक्य अर्धवट सोडून गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘ऐकायचे नसेल तर तसे सांगायचे.’ माझे नेमके काय चुकले, आणि अशा वेळी काय म्हणायला हवे होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण तिला ‘शांत हो’ म्हणायला गेलात आणि प्रत्यक्षात ‘कृपया शांतता राखा’ म्हणालात. ‘रूअ’ या एकाच शब्दात मनाची शांती, आवाज नसणे आणि विश्रांती असे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. त्यामुळे उपाहारगृहाच्या साप्ताहिक सुट्टीला ‘रूअटाग’ म्हणतात, निवृत्तीला ‘रूअश्टांट’ म्हणतात, आणि शिक्षक वर्गात नुसते ‘रूअ!’ म्हणून ओरडले की त्याचा अर्थ ‘गप्प बसा’ एवढाच असतो. मनाच्या शांतीचा अर्थ हवा असेल तर या शब्दाला सोबत लागते. ‘नूर डी रूअ’ म्हटले की ‘घाबरू नकोस, सावकाश होऊ दे’ असा दिलासा मिळतो. ‘रूअ बव्हारन’ म्हणजे असलेली शांती ढळू न देणे. जर्मनीतील इमारतींमध्ये आगीच्या वेळी काय करावे याचा फलक लावलेला असतो, त्यावरील पहिली सूचना हीच असते. आग लागल्याची वर्दी देणे त्याच्या पुढे येते.

‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे ब्रिटिश भित्तिपत्रक आपण पाहिले असेल. ते 1939 साली सुमारे 25 लाख प्रतींत छापले गेले, पण युद्धकाळात जवळजवळ कुठेच लावले गेले नाही, आणि 2000 साली इंग्लंडमधील अ‍ॅनिक येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडल्यावर जगभर पसरले. त्याचे जर्मन रूपांतर ‘रूअ बव्हारन उंट व्हायटरमाखन’ असे करतात, आणि ते चपखल बसते, कारण दोन्हीकडे सूचना सर्वांना उद्देशून आहे. एका चिडलेल्या मैत्रिणीशी बोलताना मात्र तीच भाषा सरकारी वाटेल.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला प्रतिमांबद्दल थोडे लिहावेसे वाटते, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण डोके थंड ठेवतो, इंग्रजही ‘कूल हेड’ ठेवतात आणि जर्मन ‘क्यूलन कोप्फ’ राखतात. ‘कूल’ आणि ‘क्यूल’ हे शब्द तर एकाच जुन्या मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. याउलट ‘काम’ या इंग्रजी शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार ‘उष्मा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी नेऊन भिडवतात: भर दुपारच्या उन्हात सारे व्यवहार थांबतात, त्या विसाव्यावरून म्हणे शांततेचा अर्थ आला. (आपल्याकडे उन्हाने डोके तापते, त्यामुळे हे पचायला थोडा वेळ लागतो.)

‘होल्ड युअर हॉर्सेस’ला जर्मनमध्येही घोडेच भेटतात: ‘इमर लांगझाम मिट डेन युंगन प्फेअरडन’, म्हणजे तरण्या घोड्यांना जरा हळू हाका. हा प्रयोग घाई करणाऱ्यासाठी आहे, रागावलेल्यासाठी नव्हे. विनाकारण घबराट पसरवणाऱ्याला ‘घोडे बुजवू नकोस’ असे वेगळे सांगतात, आणि ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याला घेऊन घोडे उधळतात. एकाच तबेल्यातून तीन वेगळ्या समजुती निघतात, हे शब्दकोशाच्या एका ओळीत मावणार कसे?

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न आहे. कामानिमित्त मला कधीकधी नाराज ग्राहकांशी जर्मनमध्ये बोलावे लागते. तिथे ‘बरूइगन झी झिश बिटे’ चालेल का? त्यात आदरार्थी ‘झी’ आहे आणि ‘बिटे’ही आहे.

प्रतिसाद ३

व्याकरण निर्दोष आहे, तरीही म्हणू नका. ‘आपण कृपया शांत व्हा’ हे मराठीत कितीही नम्रपणे म्हटले तरी समोरच्याला आपण अशांत ठरवल्यासारखे होते, आणि जर्मनमध्येही तेच घडते. त्याऐवजी ‘तुमचा राग मला समजतो’ या अर्थाचे ‘इश फरश्टेअ ईरन एर्गर’ म्हणा आणि लगेच ‘डास बकोमन व्हिअर हिन’, म्हणजे ‘हे आपण मार्गी लावू’, असे जोडा. शांतीचा शब्दही न उच्चारता काम होते. ‘कोम माल रुंटर’, म्हणजे ‘जरा खाली उतर’, हे फक्त जवळच्या मित्रासाठी ठेवा. ‘रेग डिश आप’, म्हणजे ‘चिडणे थांबव’, हे तर त्याहून तिखट आहे आणि भांडणातच ऐकू येते.

स्वतःबद्दल किंवा तिसऱ्याबद्दल बोलताना मात्र भाषा फार समृद्ध होते. इंग्रजीतील ‘कंपोजर’ (composure), म्हणजे मनाचा संयम, यासाठी ‘फासुंग’ हा शब्द आहे, आणि हाच शब्द हिऱ्याच्या कोंदणालाही वापरतात. ‘फासुंग’ जाणे म्हणजे माणूस कोंदणातून निखळणे. मराठीत आपण तोल गेला म्हणतो, पण मला कोंदण अधिक नेमके वाटते. ‘गलासनहाइट’ची गोष्ट त्याहून निराळी आहे: ‘लासन’ म्हणजे सोडणे, असू देणे, या क्रियापदाशी तिचे नाते आहे. मध्ययुगात माइस्टर एकहार्ट या जर्मन ख्रिस्ती गूढवादी विचारवंताच्या परंपरेत हा शब्द ईश्वरावर सर्व सोपवून मोकळे होण्यासाठी वापरला जाई, आणि आज तो वाहतूक कोंडीत हॉर्न न वाजवणाऱ्या चालकालाही लागू पडतो. इंग्रजीत याला एकच असा शब्द मला सापडलेला नाही. ‘कामनेस’ फिका पडतो.

शेवटी एका फसव्या जागेविषयी सावध करतो. ‘झी क्योनन रूइश आनरूफन’ हे ग्राहकाने म्हटले, तर ‘तुम्ही शांतपणे फोन करू शकता’ असा अर्थ लावू नका. इथे ‘रूइश’ म्हणजे ‘खुशाल’: तुम्ही खुशाल फोन करा. आणि आपल्या जोडीदाराला पुढच्या वेळी ‘एर्त्सेल रूइश व्हायटर’ म्हणा. त्याच ‘रूअ’ घराण्यातला शब्द आहे, पण अर्थ होतो ‘तू खुशाल पुढे सांग’.