राज्यसभा हवीच कशाला?

तापीकाठ (रावेर)
परवा केळीची गाडी भरताना पोरांचा वाद झाला. एक म्हणाला, "आपण ज्यांना मत देतो ते लोकसभेत बसतात. मग वरचं सभागृह कोणाचं?" मला त्याचं म्हणणं पटलं. नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर इथून निवडून गेलेले चार खासदार पाच वर्षांनी पुन्हा दारात येतात. तेव्हा त्यांना अडवून विचारता येतं. राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 खासदार आहेत, त्यांना आमदार निवडतात, मुदत 6 वर्षं. त्यातल्या पाच जणांची नावं गावात कोणाला येतात? मंत्रिमंडळ लोकसभेलाच जबाबदार, म्हणजे सरकार पाडायचा अधिकारही त्यांना नाही. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, 14 दिवसांत परत करायचं, आणि त्यांच्या सूचना लोकसभेने मानल्याच पाहिजेत असंही नाही. उरतो तो फक्त खोळंबा. माझं मत स्पष्ट आहे, एक सभागृह पुरे.

कोरडवाहू (शिंदखेडा)
भाऊ, त्या खोळंब्यामुळेच जमिनी वाचल्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खाजगी भागीदारीत 70 टक्के. 2014 च्या डिसेंबर अखेरीस वटहुकूम निघाला आणि पाच प्रकारच्या प्रकल्पांना ही अट काढली. औद्योगिक कॉरिडॉर त्यातच होते. मार्च 2015 मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, वटहुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागला, आणि 31 ऑगस्टला तो संपू दिला. संमतीची अट कायद्यात राहिली. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला विचारा हा खोळंबा केवढ्याचा होता. आमच्या घरातली जमीन कालव्यात गेली तेव्हा आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. त्या जमिनीचा विषय निघाला की घरात आजही सगळे गप्प होतात.

तापीकाठ
तुमच्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. पण त्या वेळी शेतकरी रस्त्यावर होता, सरकारचे मित्रपक्षही नाराज होते. सगळं श्रेय राज्यसभेला कसं द्यायचं? आणि 20 सप्टेंबर 2020 विसरू नका. कृषी विधेयकं तिथे आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक प्रत्यक्ष मतमोजणी मागत होते, ती झाली नाही. पहारेकऱ्याची खरी गरज होती तेव्हा पहारा कुठे गेला? दोन्ही सभागृहांचं जमलंच नाही तर संयुक्त बैठक असतेच. 1961 ला हुंडाबंदी, 1978 ला बँक सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक, 2002 ला दहशतवादविरोधी पोटा, तिन्ही वेळा तशीच मंजुरी झाली. तिथे लोकसभेचेच सदस्य जास्त.

पाटलीणबाई (बोदवड)
दादा, घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नसते. दोन्हीकडे वेगवेगळं विशेष बहुमत लागतं. आणि खोळंबा वरचंच सभागृह करतं हे खरं नाही. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने 9 मार्च 2010 ला मंजूर केलं. लोकसभेने ते मतदानाला घेतलंच नाही. 2014 ला लोकसभा विसर्जित झाली, विधेयक तिच्याबरोबर गेलं. आम्ही बाया 2023 पर्यंत थांबलो, आणि जागा तर अजून मिळायच्या आहेत. 2010 ला राष्ट्रपती भवनात आमच्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई होत्या, आणि त्याआधी 1986 ते 1988 त्या राज्यसभेच्याच उपसभापती होत्या. मला ते सभागृह परकं वाटत नाही.

वकीलसाहेब (अमळनेर)
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. तरी राज्यसभेला "राज्यांचं सभागृह" म्हणवत नाही. 2003 च्या दुरुस्तीने उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट गेली, 2006 ला सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. दिल्लीत राहणारा माणूस महाराष्ट्राच्या जागेवर बसू शकतो. त्याला कापसाचा भाव कोण सांगणार? सभागृह बंद करू नये, ती अट परत आणावी.

कोरडवाहू
वकीलसाहेब, यावर माझं दुमत नाही. अट परत आलीच पाहिजे.

तापीकाठ
महिला आरक्षणाचं मला माहीत नव्हतं. ताई, खोळंबा फक्त राज्यसभेचा हे मी मागे घेतो. पण धन विधेयकाचं काय ते कोणीच बोललं नाही. 2016 ला आधार विधेयक धन विधेयक म्हणून आणलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी, 16 मार्चला, पाचही फेटाळल्या. लोकसभेच्या अध्यक्षांनी "हे धन विधेयक" असा शिक्का मारला की वरच्या सभागृहाचा हात बांधला जातो. मग तुमचा पहारेकरी काय करणार?

पाटलीणबाई
त्यासाठी शिक्का मारायच्या अधिकारावर बंधन घाला, पहारेकरी का काढता? आणि नावं माहीत नसतात म्हणालात, तर ती आपण विचारत नाही म्हणून. सहा जागांची निवडणूक असली तर एका खासदारामागे साधारण 42 आमदारांची मतं लागतात. त्यातलं एक मत आपल्या आमदाराचं. मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते, मग आम्हाला तोंडी सांगायला काय हरकत? पुढच्या वेळी आमदार गावात आले की मी रस्त्याआधी हेच विचारणार आहे.

तापीकाठ
आमच्याकडे आले तर मीही विचारतो.