सल्ला हवा: टर्मिनलमध्ये पेस्ट केलं की एंटर न दाबताच कमांड चालतात, काय करू?

कृष्णाकाठ
मंडळी, परवा रात्री घाम फुटला. एका जुन्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) जाऊन टिपणातल्या तीन ओळी पेस्ट केल्या. पहिली सीडी (फोल्डरमध्ये नेणारी), दुसरी आरएम (फाइली पुसणारी), तिसरी नवी फाइल आणणारी. सीडीतलं फोल्डरचं नाव चुकलेलं, म्हणून ती ओळ फसली, आणि एंटरला बोट लागायच्या आत दुसऱ्या ओळीने होम फोल्डर साफ केलं. बॅकअप होता म्हणून वाचलो. माझ्या मॅकवर झेडशेल हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम आहे, त्यात असं होत नाही. पेस्ट केलेलं उलट्या रंगात दिसतं आणि थांबून राहतं. टर्मिनलची खिडकी तर तीच, मग इथे का नाही थांबलं? शेल बदलू का?

रूटपासून_दूर
खिडकी तीच, पण मागणी शेलने करावी लागते. या सोयीला ब्रॅकेटेड पेस्ट म्हणतात. शेलने मागितली तर टर्मिनल पेस्टच्या आधी एस्केप [२००~ आणि नंतर एस्केप [२०१~ अशा खुणा घालून पाठवतं. मग हे हाताने टाइप केलेलं नाही, हे शेलला कळतं. एसएसएचमध्ये तुमच्यासमोर पलीकडचा शेल असतो. त्याने मागितलंच नाही, तर मजकूर तसाच ओतला जातो आणि प्रत्येक ओळीचा शेवट म्हणजे एक एंटर.

झेडशेलमध्ये हे ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. बॅश या लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलसाठी, टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या त्याच्या रीडलाइन या भागाच्या ७.० मध्ये, २०१६ साली (बॅश ४.४ बरोबर) आलं, पण बंद ठेवलेलं. आपोआप चालू झालं ते बॅश ५.१ मध्ये, डिसेंबर २०२० ला. म्हणून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ थांबतं, २०.०४ थांबत नाही. शेल बदलायची गरज नाही. होममधल्या .इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट एनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट ऑन' ही ओळ घाला आणि पुन्हा लॉगिन करा.

माझं मत विचाराल तर हे पहिल्या दिवसापासून चालूच असायला हवं होतं. चिकटवलेल्या मजकुरात ओळ संपली, म्हणजे माणसाने ती चालवायला परवानगी दिली असं नव्हे.

स्विचवाला_सांगली
थोडं वेगळं मत. मी नेटवर्कच्या स्विचवर शंभर-शंभर ओळींचं कॉन्फिग (सेटिंग) पेस्ट करतो. तिथे ओळीगणिक चाललेलंच बरं, चूक कुठल्या ओळीवर झाली ते लगेच दिसतं.

रूटपासून_दूर
स्विचवर मान्य. पण शेलमध्ये मधलीच कमांड 'हो की नाही' विचारते आणि तुमची पुढची ओळ उत्तर म्हणून गिळते. ब्रॅकेटेड पेस्टमध्ये सगळा मजकूर शेलने आधीच वाचून घेतलेला असतो, म्हणून तसं होत नाही. टॅबचंही तेच. जुन्या बॅशमध्ये टॅबवाला कोड चिकटवा, प्रत्येक टॅबला शेलचा नावं आपोआप पूर्ण करायचा प्रयत्न सुरू.

मीरा_लिनक्स
सेंटओएस ७ (आणखी एक लिनक्स) असेल तर बॅश ४.२, म्हणजे ही सोय येण्याआधीचा, तिथे ती .इनपुटआरसीची ओळ चालणार नाही. मी तिथे रिकाम्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-ई दाबते. एडिटर उघडतो, त्यात पेस्ट करून नीट वाचते. सेव्ह करून बाहेर पडलं की लगेच चालतं, म्हणून मन बदललं तर सगळ्या ओळी पुसून मगच सेव्ह करा. वेबपेजवरून कॉपी केलेलं तर असंच तपासावं, पानावर न दिसणारा मजकूरही सोबत कॉपी होऊ शकतो.

आणि कृष्णाकाठ, ब्रॅकेटेड पेस्ट असती तरी तुम्ही न वाचता एंटर दाबलं असतं तर सीडी फसल्यावर आरएम चाललंच असतं. दोन्हींच्या मध्ये && घाला, म्हणजे सीडी फसली तर आरएम चालणारच नाही.

कृष्णाकाठ
पाहिलं, बॅश ४.४ निघालं. ओळ घातली, पुन्हा लॉगिन करून दोन एको (नुसता मजकूर छापणाऱ्या कमांड) पेस्ट केले, थांबले! टिपणवहीतल्या सगळ्या सीडींपुढे && घालायला बसलोय. मीराताई, उरलेल्या सर्व्हरांत दोन सेंटओएस ७ आहेत, तिथे तुमचीच युक्ती वापरणार.