नातवंडांकडून आपण नेमके काय शिकलो?

निवृत्त_गणितशिक्षक (सातारा)

नमस्कार. प्राथमिक शाळेत ३४ वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि आता वयाच्या ७१ व्या वर्षी दुसरीत शिकणाऱ्या नातीचा रोज संध्याकाळी तासभर अभ्यास घेतो. नातवंडांकडून निरागसता शिकावी, आनंदी राहणे शिकावे, असे आपण पुष्कळदा वाचतो. ते खरे आहे, परंतु मला त्याहून ठोस गोष्टीविषयी विचारायचे आहे, म्हणून आधी माझा अनुभव थोडा विस्ताराने सांगतो.

गेल्या महिन्यात नात अंक अक्षरांत लिहीत होती. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द पुढच्या दशकातून एक उणा करून तयार होतात, हे मी तिला समजावून दिले होते. एकोणनव्वदपर्यंत तिने सगळे बिनचूक लिहिले आणि नव्याण्णवपाशी ती थांबली. "आजोबा, इथे एकोणशंभर का नाही?" असे तिने विचारले. ज्या माणसाने हे शब्द हजारो वेळा फळ्यावर लिहिले, त्याला ही विसंगती कधी दिसलीच नव्हती. "तसेच म्हणायचे असते" हे उत्तर ओठांवर आले होते, पण मी ते गिळले आणि "मला माहीत नाही, आपण शोधू" असे म्हणालो. संस्कृतातील 'नवनवति' या शब्दाशी नव्याण्णवचे नाते आहे, हे आम्ही दोघांनी मिळून शोधले.

त्याच आठवड्यात तिने 'पस्तीस' ऐकून ५३ लिहिले. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "आधी पाच ऐकू येतो ना!" मराठीत एककाचा अंक आधी उच्चारला जातो आणि लिहिताना तो शेवटी येतो, हे मला पाठ होते; पण सात वर्षांच्या मुलाच्या कानाला ते कसे लागते, याचा विचार मी केला नव्हता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली, तेव्हा मी एका दैनिकाला त्याविरुद्ध कडक पत्र पाठवले होते. एकवीस, बावीस हे शब्द टिकले पाहिजेत, असे मला आजही वाटते. परंतु ज्या मुलांनी ३५ च्या जागी ५३ लिहिले, त्यांच्या वह्यांवर मी वर्षानुवर्षे "लक्ष देऊन लिही" असा शेरा मारत आलो, आणि ती मुले तर नीट लक्ष देऊनच ऐकत होती. हे आठवले की मन अस्वस्थ होते.

माझे प्रश्न दोन आहेत. नातवंडांमुळे आपली एखादी जुनी समजूत बदलली, किंवा एखादी गोष्ट आपल्याला नव्याने करता येऊ लागली, असे आपल्यापैकी कोणाला अनुभवास आले आहे काय? आणि मुलांवर शिकवण्याचा भार न टाकता हे कसे घडू द्यावे?

कृष्णाकाठ (मिरज)

सर, आपला दुसरा अनुभव वाचून राहवले नाही. माझी सून कन्नड भाषक आहे, त्यामुळे आमचा नातू दोन्ही भाषांत मोजतो. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग एक. तो कन्नडमध्ये मोजताना अडखळत नसे आणि मराठीत मोजताना मात्र हमखास थांबत असे. घरात मराठी कमी बोलली जाते म्हणून असे होते, असा माझा समज होता आणि त्याचा राग मी मनातल्या मनात सुनेवर काढत होते. एके दिवशी त्यानेच मला समजावले, "आजी, आईच्या भाषेत ऐकतो तसेच लिहितो, तुझ्या भाषेत उलटे लिहावे लागते." त्यानंतर मी सुनेकडून शंभरपर्यंत कन्नड अंक शिकून घेतले. आमच्या दोघींच्या बोलण्यातला संकोच त्या निमित्ताने पुष्कळ कमी झाला.

सह्याद्रीची_लेक (कल्याण)

आपला प्रश्न वाचून मला प्रथम फांगणे गाव आठवले. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. त्या शाळेची छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. शाळा सुटल्यावर घरी त्यांचा अभ्यास नातवंडे घेत असत.

माझ्या आईलाही अक्षरओळख नव्हती. ती बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा ती काहीच बोलली नाही. पण दोन दिवसांनी माझ्या मुलाकडे तिने स्वतःहून पाटी मागितली. तो तेव्हा पहिलीत होता. मी आधी तिला शिकवण्याचा प्रयत्न केला नव्हता असे नाही, परंतु मी चूक दाखवली की ती पाटी बाजूला ठेवत असे. लेकीपुढे चुकणे तिला जड जात होते. नातवापुढे ते जड गेले नाही, कारण तोही त्याच वेळी तीच अक्षरे चुकत होता. 'ळ' दोघांनाही जमत नसे. दोघे एकमेकांचा 'ळ' पाहून पुसत आणि पुन्हा काढत बसत.

सात-आठ महिन्यांत ती स्वतःचे नाव लिहू लागली आणि बँकेत अंगठ्याऐवजी सही केली. त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. एसटी स्थानकावर आयुष्यभर ती "ही गाडी कुठली?" असे परक्यांना विचारत आली होती, आणि कोणी दुर्लक्ष केले तर समोरची गाडी निघून जात असे. एकदा मुरबाडला जाताना तिने पाटी वाचली, गाडीत बसली आणि घरी पोचल्यावर नातवाला फोन करून सांगितले. मला तिने फोन केला नाही. ज्याने शिकवले त्यालाच तिने ही बातमी आधी दिली, याचे मला तेव्हा थोडे वाईट वाटले होते. आता वाटत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी एवढेच सांगते की, आमच्या घरी भार असा कोणावर पडला नाही, कारण दोघेही विद्यार्थीच होते.

पारिजात (पुणे, सध्या न्यू जर्सी)

माझा अनुभव लिहावा की नाही, याचा बराच विचार केला. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले आहे. नात पाच वर्षांची आहे. पहिल्याच आठवड्यात मी प्रेमाने तिचा गालगुच्चा घेतला, तेव्हा ती मागे सरकून म्हणाली, "आजी, मला आत्ता नको." मी दुखावले गेले. आपले शरीर आपले आहे आणि नको वाटल्यास तसे सांगायचे, हे तिला शाळेत आणि घरी शिकवलेले आहे, असे मुलीने सांगितले. परदेशात मुले आजी-आजोबांना दुरावतात, असे मनात म्हणत मी झोपायला गेले.

झोप मात्र लागली नाही. माझ्या लहानपणी पाहुण्यांनी मांडीवर ओढून घेतले तर 'नको' म्हणण्याची सोय नव्हती. तसे म्हणणे हा उद्धटपणा ठरत असे. त्यांपैकी एका पाहुण्याची मला वाटणारी भीती मी साठ वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. सकाळी ती मी मुलीला सांगितली. माझ्या नातीने जो शब्द सहज उच्चारला, तो मला त्या वयात कोणी दिला असता तर, असे वारंवार वाटत राहिले. आता मी तिला "जवळ घेऊ का?" असे विचारते. बहुतेक वेळा ती स्वतःच धावत येते. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी आम्ही नुसत्या शेजारी बसून चित्रे रंगवतो.

वाई_देऊळघाट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात लिहितो. अकरा वर्षांच्या नातवाने मला मोबाइलवरून यूपीआयने पैसे देणे शिकवले. आम्ही दोन नियम ठरवले आहेत. बटणे मीच दाबायची, कितीही वेळ लागला तरी चालेल. आणि पिन त्यालाही सांगायचा नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट त्याने मला तीन-चारदा घोकून घेतली. पुढे "तुमचे पैसे परत मिळतील, पिन टाका" असा फोन आला, तेव्हा ती घोकंपट्टीच उपयोगी पडली.

निवृत्त_गणितशिक्षक (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. पारिजातताई, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. आमच्या घरीही मी आता विचारूनच नातीला जवळ घेईन.

एक भर घालतो. काल नातीने वहीत दोन रकाने आखले. एकात एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. दुसऱ्यात त्रेपन्न, चौपन्न, छप्पन्न. काही ठिकाणी 'वन्न' आणि काही ठिकाणी 'पन्न' का, असे तिने विचारले. मी पुन्हा "माहीत नाही" म्हणालो आणि शब्दकोश आणायला उठलो. तो घेऊन परत येईपर्यंत ती दोन्ही रकाने मोठ्याने वाचत होती. "आजोबा, एक्का, बा, पंचा, सत्ता, अठ्ठा," ती म्हणाली, "जिथे आधी 'आ' आहे तिथेच 'वन्न' आहे." मी आठही शब्द तपासले. तिचे म्हणणे बरोबर आहे.