यादवी की गृहयुद्ध? आणि कारण, निमित्त, सबब

प्रश्न : अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या युद्धाला मराठीत 'यादवी' म्हणावं की 'गृहयुद्ध'? शिवाय त्याचं कारण कुणी गुलामगिरी सांगतं, कुणी केंद्राविरुद्ध राज्यांचे हक्क, कुणी आयात मालावरची जकात, तर कुणी राष्ट्राध्यक्षपदी लिंकनची निवड. ही सगळीच 'कारणं' म्हणायची का?

उत्तर : 'यादवी' हा शब्द सुंदर आहे, पण इथे जपून वापरावा. त्यामागे महाभारताच्या मौसलपर्वातली कथा आहे. प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत यादव एकमेकांवर उठले, उपटलेल्या एरका गवताची मुसळं झाली आणि कुळच बुडालं. म्हणजे भान सुटलेली माणसं आणि टाळता आला असता असा नाश, हा निवाडा शब्दातच आहे. १९३०-४० च्या दशकांत जेम्स रँडल आणि एव्हरी क्रेव्हन या इतिहासकारांचं म्हणणं साधारण असंच होतं : त्या पिढीचे पुढारी चुकत गेले, शहाणपणा दाखवला असता तर युद्ध टळलं असतं. उलट न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम सीवर्ड १८५८ मध्येच हा संघर्ष अटळ आहे असं जाहीर सभेत बोलले होते. 'यादवी' लिहिलं की आपण नकळत रँडलच्या बाजूला जाऊन बसतो.

मला ते पटत नाही. १८६० मध्ये तिथे चाळीस लाखांच्या आसपास माणसं गुलाम होती. त्यांच्या लेखी ही भाऊबंदकी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. म्हणून 'गृहयुद्ध' बरा. 'नागरी युद्ध' मात्र नको, ते शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे.

आता 'कारण'. मराठीत कारण वेगळं आणि निमित्त वेगळं. नोव्हेंबर १८६० मधली लिंकनची निवड हे दक्षिणेकडच्या गुलामगिरीवाल्या राज्यांनी संघराज्यातून फुटून निघण्याचं निमित्त. १२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेने संघराज्याच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, ती ठिणगी. कारण शोधायचं तर फुटणाऱ्यांनी स्वतः काय लिहून ठेवलं ते वाचावं. साउथ कॅरोलायनाचं डिसेंबर १८६० चं निवेदन पाहा. तक्रार अशी की उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, आणि न्यूयॉर्कमधून गुलामाला घेऊन नुसतं जाण्याचा हक्कही तिथल्या न्यायालयांनी नाकारला. राज्यांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा : उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हाच तर राग होता!

जकातीचं म्हणणंही टिकत नाही. १८५७ मध्ये जकात खाली आली होती, आणि वाढीव जकातीचा कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, सात राज्यं फुटून गेल्यावर. चार्ल्स बिअर्ड यांनी १९२७ मध्ये याला उद्योगी उत्तर आणि शेतीप्रधान दक्षिण यांची झुंज म्हटलं. त्यात तथ्य आहे, पण दक्षिणेचं अर्थकारण गुलामांच्या कष्टांवर उभं होतं, ते वगळून ही मांडणी अधुरी राहते.

आणि 'सबब'. अर्जात 'सबब' म्हणजे 'म्हणून', बोलण्यात मात्र मागाहून पुढे केलेलं कारण. अलेक्झांडर स्टीफन्स हे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष. मार्च १८६१ मध्ये सव्हानाच्या सभेत ते म्हणाले की काळ्यांचं दास्य हीच आमच्या सरकारची कोनशिला आहे. युद्ध हरल्यावर त्यांनीच ग्रंथ लिहून सारा भर राज्यांच्या हक्कांवर दिला. याला सबब म्हणतात.

पुन्हा प्रश्न : पण लिंकन तर १८६२ मध्ये म्हणाले होते की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन. मग?

उत्तर : तो 'हेतू' झाला. दक्षिण का फुटली, फुटीचं युद्ध का झालं, आणि कोण कशासाठी लढलं, हे तीन प्रश्न इतिहासकार वेगळे धरतात. संघराज्य टिकवणं हा उत्तरेचा सुरुवातीचा हेतू, पुढे त्यात मुक्तीची भर पडली. मार्च १८६५ च्या शपथविधीच्या भाषणात लिंकन स्वतःच म्हणाले की गुलामगिरी या ना त्या प्रकारे युद्धाचं कारण आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा लिहिताना 'गुलामगिरीमुळे दक्षिण फुटली' हे वाक्य बरोबर, 'उत्तर पहिल्यापासून गुलामगिरी मोडायला लढली' हे चूक.